सत्तर पोत्यांचा स्लॅब

आमच्या घराच्या मागच्या खोलीत छताला एक रेघ आहे. एका भिंतीपासून थेट समोरच्या भिंतीपर्यंत गेलेली. जून लागला की ती आधी काळपट होते, मग ओली होते आणि जुलैत तिच्यातून थेंब पडू लागतात. खाली आम्ही पातेलं ठेवतो. आलेले-गेलेले विचारतात, "नवीन घर ना हे? मग गळतं कसं?" त्यावर आमच्या घरात कितीतरी वर्षं एकच उत्तर ठरलेलं होतं, "मिस्त्रीनं स्लॅब नीट टाकला नाही."

हे उत्तर खरं नव्हतं. खरं काय ते मला ठाऊक होतं, कारण ती रेघ माझ्या हिशोबातून आली होती.

मी शाळेत आठवीला गणित शिकवते. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची म्हणजे घनफळ, हे दरवर्षी फळ्यावर लिहिते. आणि स्वतःच्या घराच्या स्लॅबचं घनफळ मात्र मी चुकवलं. घर बांधायला निघालेल्या प्रत्येक कुटुंबाला उपयोगी पडेल म्हणून ती चूक आज सगळ्यांसमोर मांडते आहे.

ना तुमचे, ना माझे

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, समुद्रापासून बरंच आत, घाटाच्या पायथ्याकडे. जुनं घर कौलारू होतं. २०१५ च्या मे महिन्यात जांभ्या चिऱ्याच्या नव्या भिंती उभ्या राहिल्या आणि स्लॅबचा दिवस जवळ आला. धाकटे दीर कुवेतहून महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवत होते. त्यातला एक रुपयाही वाया जाऊ नये, ही माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अब्बांना, रात्रंदिवस काळजी. परदेशात घाम गाळून पाठवलेला पैसा म्हणजे आपल्याकडे अमानत, असं ते म्हणत.

मिस्त्री म्हणाले, "सिमेंट नव्वद पोती तरी लागेल. चार-पाच वर असू द्या."

अब्बांनी माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तू गणिताची. जरा बघ तरी."

मी टेप घेऊन आत गेले आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजलं. साडेअठ्ठावीस फूट लांब, साडेअठरा फूट रुंद. जाडी पाच इंच. गुणाकार केला, सुमारे २२० घनफूट. एक घनमीटर म्हणजे ३५.३ घनफूट, तेव्हा हे झाले सव्वासहा घनमीटरच्या जवळपास. एका घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट लागतं, हे ऐकून माहीत होतं. उत्तर आलं, पन्नास पोती.

पन्नास कुठे आणि नव्वद कुठे! चाळीस पोत्यांचा फरक पाहून घरात कुजबुज सुरू झाली. दुकानदाराचं आणि मिस्त्रीचं काही ठरलेलं असेल, उरलेली पोती दुसऱ्या कामावर जातील, असं कोणी कोणी बोललं. मीही बोलले. शेवटी अब्बांनी तोडगा काढला, "ना तुमचे नव्वद, ना आमचे पन्नास. सत्तर आणू."

मिस्त्री म्हणाले, "बाई, कमी पडेल." एवढंच. जास्त वाद त्यांनी घातला नाही.

त्या दिवशी सकाळी सातला मिक्सर सुरू झाला. दुपारी अडीचच्या सुमारास सत्तरावं पोतं फुटलं आणि स्लॅबचा मागचा जवळजवळ पाचवा हिस्सा तसाच उघडा राहिला. सेंटरिंग लावलेलं, सळई बांधलेली आणि वर टाकायला माल नाही. सिमेंटचं दुकान तालुक्याच्या गावी, चौदा किलोमीटरवर. तिथला टेम्पो दुसरीकडे गेलेला. वीस पोती आली तेव्हा संध्याकाळचे सात वाजत होते.

मधल्या साडेचार तासांत मिस्त्रींनी करता येण्यासारखं सगळं केलं. जिथे माल संपला तिथे फळी उभी लावून कड सरळ केली. टेम्पो आल्यावर ती कड खरवडली, धुतली, तिच्यावर सिमेंटचं पातळ पाणी ओतलं आणि मग नवा माल जोडला. पण मे महिन्याचं ऊन होतं. पाणी लागल्यावर सिमेंट अर्ध्या-एक तासानंतर केव्हाही जमू लागतं आणि जमलेल्या मालाशी ओला माल पुन्हा एकजीव होत नाही. त्याला 'कोल्ड जॉइंट' म्हणतात. आमच्या छताची रेघ तीच आहे.

खोली मोजली, स्लॅब मोजलाच नाही

पुढच्या वर्षी कपाट आवरताना इंजिनीअरने दिलेला नकाशा हाती लागला. तो उघडून पाहिला आणि जमिनीवरच बसले. मी मोजली होती खोलीच्या आतली जमीन. स्लॅब तर भिंतींच्या वरून जातो, भिंतींच्या बाहेरही जातो आणि खाली बीम घेऊन बसतो. त्यातलं काहीच मी धरलं नव्हतं.

तोच नकाशा समोर ठेवून आज पूर्ण हिशोब देते. तुमच्या घराची मापं घालून तुम्हीही तो करू शकता. आठवीतलं मूल घरात असेल तर त्याला शेजारी बसवा.

पहिली गोष्ट, माप. स्लॅब बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजायचा. आमचं घर भिंती धरून बाहेरून ३० फूट बाय २० फूट. कोकणातला पाऊस भिंतींवर येऊ नये म्हणून स्लॅब चारी बाजूंनी दीड-दीड फूट बाहेर काढलेला. म्हणजे लांबी ३३ फूट आणि रुंदी २३ फूट. क्षेत्रफळ ७५९ चौरस फूट. मी धरलं होतं ५२७. जिन्यासाठी मोकळी जागा सोडली असेल तर ती वजा करा. आमचा जिना बाहेरून आहे.

दुसरी गोष्ट, जाडी. पाच इंच म्हणजे फुटाचे बारा भाग करून त्यातले पाच. ७५९ ला ५ ने गुणून १२ ने भागलं की ३१६ घनफूट येतात. इंच आणि फूट यांची गल्लत इथेच होते. सगळी मापं आधी फुटात आणा, मगच गुणाकार करा. न्हाणीघराचा भाग खाली घेतला असेल किंवा कुठे जाडी वेगळी असेल, तर तेवढा तुकडा निराळा मोजा.

तिसरी गोष्ट, बीम. नकाशात बीम ९ इंच रुंद आणि १५ इंच उंच लिहिला होता. या १५ इंचांतले वरचे ५ इंच स्लॅबच्या जाडीतच मोजून झाले, ते पुन्हा धरायचे नाहीत. राहिले १० इंच. लांबीचे दोन बीम ३०-३० फुटांचे. रुंदीचे तीन, दोन टोकांना आणि एक मधोमध. कोपरे दोनदा मोजले जाऊ नयेत म्हणून ते साडेअठरा-साडेअठरा फुटांचे. एकूण लांबी साडेएकशे पंधरा फूट. तिला पाऊण फुटाने आणि फुटाच्या बारातल्या दहा भागांनी गुणलं की ७२ घनफूट.

स्लॅबचे ३१६ आणि बीमचे ७२ मिळून ३८८ घनफूट, म्हणजे ११ घनमीटर. सळईने अडवलेली जागा यातून वजा करत नाहीत. तो रिवाजच आहे.

माझा आकडा होता २२०.

चणे, रवा आणि पीठ

३८८ घनफूट हे तयार काँक्रीट झालं. पण आपण बाजारातून आणतो कोरडा माल. तो किती आणायचा? ३८८ घनफूट कोरडा माल आणला तर काम अर्ध्यावर थांबेल.

हे वर्गात समजावताना मी डबा नेते. तीन वाट्या चणे, दीड वाटी रवा, एक वाटी पीठ. वेगवेगळं मोजलं तर साडेपाच वाट्या. आता सगळं एकत्र करून पाणी घाला आणि चमच्याने दाबा. डब्यात साडेपाच वाट्यांची जागा भरत नाही, ती बरीच कमी भरते. चण्यांच्या फटींत रवा जातो, रव्याच्या फटींत पीठ जातं. खडी, वाळू आणि सिमेंट यांचंही असंच होतं. म्हणून तयार काँक्रीटच्या घनफळाला १.५४ ने गुणून कोरड्या मालाचं घनफळ काढतात.

३८८ गुणिले १.५४ म्हणजे ५९८ घनफूट.

घराच्या स्लॅबला पूर्वापार चालत आलेलं प्रमाण १:१.५:३. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू, तीन भाग खडी. एकूण साडेपाच भाग. याला एम-२० म्हणतात. ५९८ ला साडेपाचने भागलं की एक भाग येतो जवळजवळ १०९ घनफूट. म्हणजे सिमेंट १०९, वाळू १६३ आणि खडी ३२६ घनफूट.

वाळू-खडी ब्रासने मिळते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. तेव्हा वाळू १.६३ ब्रास आणि खडी ३.२६ ब्रास. सिमेंटचं ५० किलोचं एक पोतं १.२२६ घनफुटांचं, सव्वा घनफुटाच्या जरा आत. १०९ ला १.२२६ ने भागा. उत्तर ८९ पोती.

मिस्त्रींनी कागद-पेन्सिल न घेता सांगितलं होतं, नव्वद.

पुढे मी त्यांना विचारलं, तुम्ही तो आकडा काढला कसा? ते म्हणाले, "पाच इंची स्लॅबला शंभर चौरस फुटाला साडेनऊ पोती. बीमचं वेगळं." मी पडताळून पाहिलं. शंभर फुटांचा पाच इंची स्लॅब माझ्या सूत्रानेही साडेनऊच पोती घेतो. मी जे तीन पायऱ्यांनी काढते ते त्यांनी एका ओळीत पाठ केलं होतं. पण त्यांची ओळ बाहेरच्या मापावर चालते आणि माझ्या पायऱ्या आतल्या मापावर चढल्या होत्या.

आकड्यावर थोडं वर

हिशोबात निघालेल्या पोत्यांवर पाच टक्के जास्त आणावीत. ८९ वर साडेचार, म्हणजे ९३ किंवा ९४. थोडा माल सांडतो, थोडा मिक्सरला चिकटतो, सेंटरिंगच्या फटींतून थोडं पाणी आणि सिमेंट गळून जातं. पण खरा माल खातं ते सेंटरिंगचं खालीवर असणं. आमच्या स्लॅबची जाडी पाचऐवजी साडेपाच इंच झाली असती, तर त्या अर्ध्या इंचाला जवळजवळ ३२ घनफूट काँक्रीट लागलं असतं, म्हणजे सात पोती. म्हणून आदल्या संध्याकाळी मिस्त्रींबरोबर वर चढून लेव्हल बघून घ्या.

वाळूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. ओलसर वाळू फुगलेली असते. तिच्या एका ब्रासमध्ये कोरड्या वाळूपेक्षा कमी दाणे असतात. तेव्हा १.६३ चा हिशोब असेल तर दोन ब्रास सांगावी. गाडी रिकामी करण्याआधी हौद्यातला माल टेपने मोजा. १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि माल २ फूट उंच असेल तर १२० घनफूट झाले, म्हणजे एक ब्रास आणि वर २० फूट. यात लाजण्यासारखं काही नाही. प्रामाणिक गाडीवाला स्वतःच टेप धरायला पुढे येतो. खाडीची खारट वाळू मात्र कितीही स्वस्त मिळाली तरी स्लॅबला घेऊ नका. त्यातल्या मिठाने सळई आतून गंजते.

आणखी दोन गोष्टी माहीत असलेल्या बऱ्या. समुद्राजवळच्या घराला इंजिनीअर एम-२० च्या वरचं काँक्रीट सांगतात. तिथे १:१.५:३ चा हिशोब चालत नाही, प्रमाण त्यांच्याकडूनच घ्यावं. आणि रस्ता रुंद असून रेडीमिक्सची गाडी दारापर्यंत येत असेल, तर मागणी घनमीटरमध्ये द्यावी लागते. तिथे कोरड्या मालाचा १.५४ चा गुणाकार करायचा नाही, कारण काँक्रीट तयार होऊनच येतं. आमच्या स्लॅबला ११ घनमीटर आणि वर थोडं, साडेअकरा, एवढीच मागणी लागली असती.

पोती उरली तर?

या हिशोबाचा दुसरा उपयोग मला फार उशिरा कळला. काम संपल्यावर रिकामी पोती मोजा. हिशोबात ८९ आली आणि प्रत्यक्षात ७५ लागली, तर बचत झाली म्हणून खूश होऊ नका. काँक्रीट तेवढंच भरलं आणि सिमेंट कमी गेलं, याचा अर्थ एक तर स्लॅब कुठेतरी पातळ पडला किंवा माल अशक्त कालवला गेला. एका पोत्याला दीड माप वाळू आणि तीन मापं खडी, आणि माप म्हणजे ३५ लिटरची पेटी, हे सकाळीच ठरवून घ्या. घमेली कधी शिगोशीग भरतात, कधी अर्धी. पाणी एका पोत्याला ३० लिटरच्या वर जाऊ देऊ नका. माल पातळ केला की पसरायला सोपा जातो, पण ताकद जाते.

आमचा ११ घनमीटरचा स्लॅब वजनाला २७ टनांच्या वर भरतो. त्याच्याखाली मुलं झोपतात, अम्मी नमाज पढतात. चाळीस पोत्यांचे पैसे वाचवायला निघाले तेव्हा हे वजन माझ्या डोळ्यांसमोर नव्हतं.

राहिलेला हिशोब

नकाशा सापडला त्या दिवशी मी यांना सगळं सांगितलं. पण बाहेर कोणालाही सांगितलं नाही. गावात एव्हाना बोललं जात होतं की त्या मिस्त्रीचा स्लॅब गळतो. आमचंच घर दाखवून लोक बोलत. गावातली दोन-तीन कामं त्यांच्या हातून गेली, हेही कानावर आलं होतं. मी गप्प राहिले. बाईंचं गणित चुकलं, असं लोकांनी म्हणावं हे मला नको होतं.

मग फुफीचं घर निघालं. यांच्या आत्या, विधवा. फुफांच्या फंडाचे पैसे जपून ठेवलेले, त्यातून दोन खोल्या आणि पडवी. त्या आमच्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "सगळं ठरलंय. फक्त तो तुमचा मिस्त्री नको गं. तुमचं छत बघतेय ना मी."

मी चहा ठेवायला उठले होते. परत येऊन बसले आणि म्हटलं, "फुफी, छत त्यांच्यामुळे गळत नाही. त्यांनी नव्वद पोती सांगितली होती. मी मोजायला चुकले आणि आम्ही सत्तर आणली."

अब्बा समोरच बसले होते. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग अब्बाच म्हणाले, "सत्तर मी सांगितली होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मिस्त्रींच्या घरी गेलो. मी नकाशा आणि माझा कागद बरोबर नेला होता. माफी मागितली. त्यांनी कागद हातात घेतला, चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खोली मोजलीत, स्लॅब नाही मोजलात. मला तेव्हाच कळलं होतं. मी टेप घेऊन वर चढून दाखवायला हवं होतं. पण तुम्ही सगळे एका बाजूला होतात, मला वाटलं कशाला बोला."

ते वाक्य माझ्या मनात राहून गेलं. आपण संशय घेतला की समोरचा माणूस समजावणं सोडून देतो. नुकसान दोघांचंही होतं.

फुफीच्या स्लॅबच्या वेळी आम्ही तिघं एकत्र बसलो, फुफी, मिस्त्री आणि मी. टेपचं एक टोक फुफींनी धरलं. बाहेरून बाहेर माप, जाडी, बीम, सगळं धरून काँक्रीट निघालं बरोबर २५० घनफूट. पुढचा हिशोब तुम्हीच करून पाहा. १.५४ ने गुणा, साडेपाचने भागा. सिमेंट ७०, वाळू १०५ आणि खडी २१० घनफूट येतील. ७० ला १.२२६ ने भागलं की ५७ पोती. मिस्त्री त्यांच्या रीतीने म्हणाले होते, "सत्तावन्न-अठ्ठावन्न." आम्ही साठ आणली.

स्लॅब एका दमात, असरच्या आधी पुरा झाला. अल्हम्दुलिल्लाह. फुफींनी रिकामी पोती स्वतः मोजली. सत्तावन्न. उरलेली तीन पुढे ओट्याच्या कामी आली.

आमच्या मागच्या खोलीत पातेलं अजून ठेवावं लागतं. रेघ वरून बुजवून घेतली आहे, थेंब कमी झालेत, पण थांबलेले नाहीत. कोणी विचारलं तर आता मी खरं कारण सांगते आणि वर विचारते, "तुमचं घर निघणार आहे का? मिस्त्रींचा नंबर देऊ?"